निस्तापन : तापवलेल्या दगडातून जाते काय?

शालेय रसायनशास्त्रात धातुकांचा धडा आला की दोन शब्द जोडीने येतात : भाजणे आणि निस्तापन. सल्फाइड धातुक भरपूर हवेत तापवले तर ते भाजणे, कार्बोनेट धातुक मर्यादित हवेत तापवले तर ते निस्तापन. झिंक ब्लेंड आणि कॅलामाइन ही दोन ठरलेली उदाहरणे, दोन समीकरणे आणि 'फरक स्पष्ट करा' हा प्रश्न. मुले उत्तर पाठ करतात, गुण मिळवतात आणि पुढे जातात. छत्रपती संभाजीनगरात हे मला विशेष खटकते. या शहराचे दरवाजे, घुमट, नहरी आणि जुने वाडे ज्या पदार्थाने सांधले गेले तो निस्तापनातूनच तयार झाला आणि युरोपीय भाषांनी या क्रियेला जे नाव दिले तेही त्याच पदार्थावरून. तो पदार्थ म्हणजे चुना. त्याच्यापासून सुरुवात केली तर या शब्दाचा अर्थ, त्याचा इतिहास आणि त्याच्या व्याख्येतला घोळ असे तिन्ही उलगडतात.

आधी क्रिया पाहू. चुनखडीचा दगड म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. तो सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्यातला कार्बन डायऑक्साइड सुटून निघून जातो आणि मागे कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना, उरतो. दगड वितळत नाही आणि जळतही नाही. त्याचा आकार बहुधा तसाच राहतो, मात्र वजन उतरते. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो कळी हाती येते, ४४ किलो वायू हवेत जातो. निस्तापनाचा गाभा एवढाच : घन पदार्थ वितळू न देता इतका तापवायचा, की त्याच्या घडणीत बांधला गेलेला उडून जाणारा भाग सुटावा. चुनखडीत तो भाग कार्बन डायऑक्साइडचा असतो, जिप्समसारख्या खनिजात पाण्याचा. वाळवण्यात फक्त अंगावरचा ओलावा जातो, भाजण्यात बाहेरचा ऑक्सिजन आत येऊन गंधकाची जागा घेतो. निस्तापनात मात्र पदार्थ स्वतःच आतून फुटतो, त्याचे दोन वेगळे पदार्थ होतात.

लॅटिनमध्ये चुन्याला 'काल्क्स' म्हणत आणि त्याचे नाते ग्रीक 'खालिक्स'शी, म्हणजे खड्याशी जोडले जाते. काल्क्सवरून 'कॅल्सिनेशन', म्हणजे दगडाचा चुना करणे. अरबी किमयागारांनीही हाच मार्ग धरला : 'किल्स' म्हणजे चुना आणि 'तक्लीस' म्हणजे त्या पद्धतीने भाजून भुकटी करणे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधल्या किमयागाराच्या नोकराच्या तोंडी पाऱ्याचे कॅल्सिनेशन येते, म्हणजे तोवर हा शब्द इंग्रजीत रुळला होता. आपल्याकडे 'चुना' हा शब्द संस्कृत 'चूर्ण'मधून प्राकृत 'चुण्ण'मार्गे आला. संस्कृतात चुन्याच्या सफेदीला 'सुधा' असेही नाव आहे आणि सुधेने रंगवलेले मोठे घर म्हणजे 'सौध'. फारसी 'गच'ने मराठीला 'गच्ची' दिली आणि 'चुनेगच्ची बांधकाम' हा जुन्या कागदपत्रांतला भरदार शब्दही. रसायनशास्त्राची परिभाषा घडवताना मात्र निस्तापन हा नवा शब्द घेतला गेला, काही ठिकाणी भस्मीकरणही वापरतात. या दोहोंपैकी मला निस्तापन बरा वाटतो. भस्मीकरणाने जळण्याचा आणि राखेचा भास होतो, आणि नेमक्या याच भासाने युरोपातल्या रसायनशास्त्राला दीर्घकाळ चकवले.

तो चकवा समजून घेण्यासारखा आहे. किमयागारांना दिसत होते ते असे : चुनखडी भट्टीत घातली की तिचा ठिसूळ पांढरा पदार्थ होतो, शिसे, कथील किंवा पारा बराच वेळ तापवला की त्याचीही ठिसूळ भुकटी होते. दिसायला प्रकार एकच, म्हणून नावही एकच. धातूच्या भुकटीलाही ते काल्क्सच म्हणू लागले. प्रत्यक्षात या दोन क्रिया परस्परविरुद्ध आहेत. चुनखडीतून काहीतरी बाहेर जाते, धातूत हवेतले काहीतरी आत येते. तराजू ही गोष्ट सांगतच होता. फ्रान्समधल्या ज्याँ रे या वैद्याने १६३० मध्येच लिहून ठेवले की कथील भाजल्यावर वजनाला वाढते आणि ही वाढ हवेमुळे होते. तरीही पुढे अठराव्या शतकात बराच काळ जर्मनीच्या श्टालच्या फ्लॉजिस्टॉन सिद्धान्ताचा पगडा राहिला. तो सिद्धान्त म्हणे की धातू तापला की त्यातले ज्वलनतत्त्व निघून जाते आणि काल्क्स उरते. निघून गेल्यावर वजन वाढावे कसे, या प्रश्नाला त्यात सरळ उत्तर नव्हते.

कोंडी फुटली ती चुन्यापाशीच. एडिंबराच्या जोसेफ ब्लॅकने १७५४ मध्ये आपल्या वैद्यकीय प्रबंधासाठी मॅग्नेशियाच्या कार्बोनेटवर काम केले आणि १७५६ मध्ये चुनखडी, कळीचा चुना आणि मॅग्नेशिया यांवरचे प्रयोग सविस्तर छापले. त्याने प्रत्येक टप्प्यावर वजन केले. तापवताना जेवढे वजन कमी होते तेवढा एक वायू सुटतो, तो नेहमीच्या हवेपेक्षा वेगळा आहे आणि तोच परत दिला तर मूळ कार्बोनेट परत मिळते, हे त्याने दाखवले. दगडात बांधलेली हवा म्हणून त्याने तिला 'स्थिर हवा' म्हटले. आज आपण तिला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. त्याआधी कळीच्या चुन्याचा दाहकपणा भट्टीतल्या अग्नीतून येतो असे मानत. ब्लॅकने सिद्ध केले की चुना दाहक होतो तो काही मिळाल्याने नव्हे, काही गेल्याने.

त्यानंतर लाव्हाझिएने धातूंचा निकाल लावला. १७७४ मध्ये बंद भांड्यात कथील तापवून त्याने दाखवले की भांड्यासकट एकूण वजन बदलत नाही, भांडे उघडल्यावर बाहेरची हवा आत शिरते तेव्हाच ते वाढते. त्याच वर्षी १ ऑगस्टला इंग्लंडमध्ये प्रीस्टलीने पाऱ्याचे तांबडे काल्क्स तापवून त्यातून एक नवा वायू मिळवला होता. पाऱ्याचे उदाहरण मोठे बोलके आहे. मध्यम आचेवर बराच काळ ठेवला तर पारा हवेतला ऑक्सिजन घेऊन तांबडा होतो. आच आणखी वाढवली की तोच ऑक्सिजन सोडून पुन्हा पारा होतो. एकाच पदार्थावर दोन उलट्या क्रिया. १७८७ मध्ये लाव्हाझिए, गितों द मोर्व्हो, बेर्तोले आणि फूर्क्र्वा यांनी नवी नामावली आणली आणि धातूंची काल्क्से 'ऑक्साइड' झाली. चुन्याचे कोडे तेवढे राहिले. १७८९ च्या मूलद्रव्यांच्या यादीत लाव्हाझिएने चुना मूलद्रव्य म्हणूनच नोंदवला, पण असे पदार्थ पुढे ऑक्साइड ठरतील अशी शंकाही त्याने व्यक्त केली. १८०८ मध्ये हंफ्री डेव्हीने विजेच्या साह्याने त्यातला धातू वेगळा केला आणि काल्क्सवरूनच त्याला कॅल्शियम हे नाव दिले.

आपल्या रसशास्त्रातही अगदी असाच प्रकार दिसतो. धातू, खनिजे, शंख, प्रवाळ यांचे शोधन करून, वनस्पतींच्या रसात खलून, शरावात बंद करून गोवऱ्यांच्या आगीत पुटे द्यायची आणि भस्म मिळवायचे. पुटांचेही प्रकार आहेत : कुक्कुटपुट, वराहपुट, गजपुट. 'रसरत्नसमुच्चया'सारख्या ग्रंथांत ही पद्धत तपशिलाने आहे. या क्रियेला नाव आहे 'मारण'. दख्खनच्या युनानी हकिमांकडे त्याच धर्तीच्या औषधाला 'कुश्ता' म्हणतात. फारसीत कुश्ता म्हणजे मारलेला. दोन वेगळ्या परंपरांना तापलेला धातू मेलेला दिसला, हे मला फार लक्षणीय वाटते : चकाकी गेली, नाद गेला, घडवता येईना. पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने शंखभस्म आणि लोहभस्म एका वर्गात बसत नाहीत. शंख हा चुनखडीसारखाच कॅल्शियम कार्बोनेटचा. तीव्र आचेत तो कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि त्याची कळी होते. लोखंड मात्र ऑक्सिजन घेते. एक घटतो, दुसरा वाढतो. भस्म हा शब्द अंतिम रूप सांगतो, काल्क्स हा शब्दही तेच सांगत होता. निस्तापन म्हणताना आपल्याला रूपाची नव्हे, वाटेची विचारपूस करायची असते.

आता आपल्या परिसराकडे येऊ. मराठवाड्याचा हा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. चुनखडीच्या मोठ्या खाणी इथे नाहीत. तरीही चुना इथल्या मातीतच आहे. बेसॉल्टमधल्या फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांत कॅल्शियम असते. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ते किंचित आम्लधर्मी पाणी खडकातले कॅल्शियम सोडवते आणि कमी पावसाच्या प्रदेशात ते फार दूर वाहून न जाता जमिनीतच कार्बोनेटच्या गाठींच्या रूपाने साचते. काळ्या जमिनीत नांगराला लागणारे हे पांढुरके खडे शेतकऱ्याला त्रासाचे, कारण पिकाला त्यामुळे लोह मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. पण चुना भाजणाऱ्यांना त्यांची किंमत ठाऊक होती. या कंकरात चिकणमाती मिसळलेली असते, त्यामुळे त्याचा चुना ओलसर जागीही घट्ट धरतो. विहिरी, बारव, नहरी यांच्या कामाला असा चुना शुद्ध चुन्याहून चांगला.

महाराष्ट्रात हे काम पिढ्यान्‌पिढ्या लोणारी समाजाकडे होते. त्यांच्यातच मीठ लोणारी आणि चुने लोणारी अशा शाखा होत्या. भट्टीत दगडाचा थर, कोळशाचा थर, पुन्हा दगड, अशी रचना करून ती दिवसेंदिवस धगधगत ठेवायची. आच कमी पडली तर खड्याच्या पोटात कच्चा दगड राहतो. फार झाली तर चुना जळका होतो, पाण्याला लवकर दाद देत नाही आणि भिंतीत गेल्यावर उशिरा फुगून गिलावा फोडतो. बरोबर भाजलेल्या कळीवर पाणी टाकले की ती सळसळते, वाफा सोडते, तडकते आणि तिचे पीठ होते. ५६ किलो कळीला १८ किलो पाणी लागते आणि ७४ किलो विरलेला चुना मिळतो. तो मग वाळू आणि सुरखीबरोबर घाणीत मळला जाई : गोल दगडी चर, त्यात फिरणारे जड दगडी चाक आणि ते ओढणारे बैल. महाराष्ट्रातल्या अनेक किल्ल्यांवर अशा घाणी अजून पाहायला मिळतात. गूळ, बेलफळ, उडीद यांचे पाणी मिसळण्याची रीतही जुनी.

सुरखीबद्दल थांबून दोन शब्द. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. माती भाजताना तिच्या घडणीतले पाणी निघून जाते, म्हणजे तेही निस्तापनच. अशी निस्तापित माती चुन्याशी संयोग पावते आणि पाण्यातही टिकणारा बंध तयार करते. रोमन लोकांनी यासाठी ज्वालामुखीची राख वापरली, इथे विटांची पूड. इथल्या जुन्या बांधकामाच्या टिकाऊपणात या दोन वेगवेगळ्या निस्तापनांचा वाटा आहे.

बीबी का मकबऱ्याकडे आता या नजरेने पाहावे. सतराव्या शतकात औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम हिच्या स्मरणार्थ ही वास्तू उभी राहिली. प्रवेशद्वारावरच्या लेखात अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपत राय हा अभियंता अशी नावे आहेत. संगमरवर राजस्थानातून आणवला. सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना फ्रेंच प्रवासी ताव्हर्निएने संगमरवराने लादलेल्या सुमारे ३०० गाड्या वाटेत पाहिल्याचे लिहिले आहे. पण संगमरवर आहे तो खालच्या पट्ट्यात आणि मुख्य घुमटाला; मधला भाग काळ्या पाषाणाचा आणि त्यावर घोटून गुळगुळीत केलेला चुन्याचा गिलावा, त्यातच कोरीव नक्षी. यावरून या वास्तूला कमी लेखण्याची सवय लागली आहे. ताजमहालाची स्वस्त नक्कल, असे पर्यटकांना सर्रास सांगितले जाते. रसायनशास्त्र वेगळा निवाडा देते. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. विरलेला चुना भिंतीवर चढला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू घेतो, पाणी सोडतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. भट्टीत गमावलेले ४४ किलो भिंतीवर परत येतात आणि चक्र १०० किलोंवर पूर्ण होते. म्हणजे मकबऱ्याचा संगमरवर आणि त्याचा गिलावा रासायनिकदृष्ट्या एकच द्रव्य आहे. एक पृथ्वीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने घडले, दुसरे माणसाने भट्टी, पाणी आणि हवा यांच्या साह्याने घडवले. ही नक्कल नव्हे, ही दगड पुन्हा घडवण्याची विद्या आहे. शाळेत नळीने फुंकर मारून चुन्याची निवळी दुधाळ करतात तो प्रयोग आणि मकबऱ्याच्या भिंतीचे कठीण होणे, दोन्हींत घडणारी अभिक्रिया एकच.

अजिंठ्यात चुना थोडा आहे : मातीच्या दोन थरांवर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर चित्र. पण तिथल्या रंगांत पिवळी आणि तांबडी गेरू शेजारी शेजारी दिसतात. पिवळ्या गेरूतल्या लोहखनिजात पाणी बांधलेले असते. तापवून ते घालवले की पिवळी माती तांबडी होते. एखाद्या विद्यार्थ्याला निस्तापन डोळ्यांनी दाखवायचे तर याहून सोपा प्रयोग नाही, कारण बदल थेट रंगात उतरतो.

या जिल्ह्याच्या खडकाने या विषयाला आणखी एक देणगी दिली आहे. अजिंठा-वेरूळच्या परिसरात विक्रीला मांडलेले स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट यांचे सुंदर स्फटिक पुष्कळांनी पाहिले असतील. बेसॉल्टच्या पोकळ्यांत वाढणारी ही झिओलाइट खनिजे जगभरच्या संग्रहालयांत या प्रदेशाच्या नावाने ओळखली जातात. झिओलाइट हे नाव स्वीडनच्या क्रॉनस्टेटने १७५६ मध्ये दिले, म्हणजे ब्लॅकचा चुन्यावरचा लेख छापला गेला त्याच वर्षी. ज्योतीखाली धरताच हा दगड उकळल्यासारखा वाफ सोडतो, म्हणून ग्रीकमधून 'उकळणारा दगड'. अनेक झिओलाइटांतले पाणी तापवून घालवले तरी सांगाडा मोडत नाही आणि थंड झाल्यावर पाणी परत शिरते. म्हणून याला निर्जलीकरण म्हणणेच योग्य. चुनखडी मात्र मुळापासून बदलते. हा भेद लक्षात राहिला की निस्तापनाची हद्द नीट कळते.

वर्तमानात ही क्रिया सर्वाधिक होते ती सिमेंटच्या भट्ट्यांत. १८२४ मध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. आज महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यात, आवारपूर-गडचांदूर भागात, चुनखडीच्या आधाराने मोठे कारखाने उभे आहेत. तिथे चुनखडीचे आधी निस्तापन होते आणि मग सुमारे १४५० अंशांवर चिकणमातीतल्या सिलिकाशी संयोग होऊन क्लिंकर बनतो. जगाच्या मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग इंधनाचा नसून दगडातूनच सुटलेला आहे. उद्या भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी ब्लॅकची 'स्थिर हवा' सुटणारच. म्हणून क्लिंकरचा काही भाग वगळून त्याजागी निस्तापित चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी घालणारे सिमेंट पुढे आले आहे. मातीला ७०० ते ८५० अंश पुरतात आणि तिच्यातून बाहेर पडते ते पाणी. स्वित्झर्लंडमधील संशोधकांबरोबर दिल्ली आणि मद्रासच्या आयआयटींनी यावर काम केले आहे आणि भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये त्याचे मानकही काढले. सुरखीचे तत्त्व नव्या रूपात परत आले आहे.

मग व्याख्या कोणती धरावी? आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटना, म्हणजे आययूपॅक, उत्प्रेरकांच्या संदर्भात कॅल्सिनेशनची व्याख्या हवेत किंवा ऑक्सिजनमध्ये तापवणे अशी करते. शालेय पुस्तक म्हणते मर्यादित हवेत. चुन्याच्या भट्टीत तर कोळसा जळायला भरपूर हवा लागते. या तिन्हींत हवेबाबत मेळ नाही आणि तो नसण्याचे कारण साधे आहे : हवा हा निस्तापनाचा गाभाच नाही. कार्बोनेट फुटायला ऑक्सिजन लागत नाही, म्हणून तो असला-नसला तरी फरक पडत नाही. माझ्या मते शिक्षकांनी 'मर्यादित हवा' या शब्दांवर गुण देणे थांबवावे आणि एकच प्रश्न विचारावा : तापवल्यावर वजन घटले की वाढले, आणि गेले ते काय?

हा प्रश्न परीक्षेबाहेरही लागतो. या शहरात जुन्या कमानी, दरवाजे, वाडे यांची डागडुजी करताना पुष्कळदा सिमेंट थापले जाते. सिमेंट चुन्याहून कठीण आणि कमी सच्छिद्र असते. भिंतीतला ओलावा त्याच्यामागे अडकतो, क्षार साचून स्फटिक होतात आणि मऊ चुना, वीट व नक्षी आतून सुटू लागते. चुन्याची भिंत चुन्यानेच दुरुस्त करावी लागते. त्यासाठी बरोबर भाजलेली कळी, पुरेसे दिवस मुरवलेला चुना आणि घाणीचे तंत्र जाणणारे कारागीर हवेत. असे हात आता विरळ होत चालले आहेत. ज्यांच्या ताब्यात जुना वाडा, दर्गा, मंदिर किंवा बारव आहे त्यांनी सिमेंटची पहिली गोणी उघडण्याआधी चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधावा, आणि त्याच्या हाताखाली एक तरुण शिकाऊ लावावा.